भिडेची किंमत

लहान गांवांत बातमी फार वेगानें पसरते, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. मी राहतों तें सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एक लहान शहर. त्याचें नांव मी मुद्दामच घालीत नाहीं. तें कां, हें लेख वाचून झाल्यावर वाचकांच्या ध्यानीं येईल. सकाळीं बंदरावर मासळीचा लिलाव सुरू होतो, आणि बांगड्याचा भाव ठरेपर्यंत आदल्या दिवसाचा सारा वृत्तांत तेथें सांगून झालेला असतो. कोणाच्या मुलीचें लग्न मोडलें, कोणाच्या भावानें मुंबईहून येऊन कोणती जमीन विकली, कोणाच्या घरीं डॉक्टर किती वाजतां गेले, हें सारें मासळीच्या टोपलीबरोबर घरोघर पोंचतें. पूर्वीं जें काम देवळाचा पार आणि एस्. टी.चा थांबा करीत असे, त्यांतील पुष्कळसें आतां हातांतला मोबाईल करतो. परंतु बातमीचा स्वभाव मात्र बदललेला नाहीं.

हा वेग पाहून बाहेरच्या माणसास वाटेल कीं, येथें कोणतीच गोष्ट झांकून राहत नसेल. पण थोडें बारकाईनें पाहिलें असतां आमच्या बातम्यांच्या दोन जाती आहेत असें दिसून येतें. एक माणसांची बातमी आणि दुसरी गांवाची बातमी. पहिलीला पाय असतात, दुसरीला नसतात. उदाहरणार्थ, समुद्रांत तीव्र प्रकाशाचे दिवे लावून मासे एकवट करून धरण्यास २०१७ सालीं केंद्र सरकारनें मनाई केली. त्याच्या आधीं २०१६ सालीं राज्य सरकारनें पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले होते. लहान मासेमाराच्या तोंडचा घांस राहावा आणि समुद्रांत पुढील सालाचें बीज राहावें, हा या नियमांचा हेतु. हे नियम मोडून कोण रात्रीं बाहेर पडतो, हें बंदरावर पुष्कळांना ठाऊक असतें. रापण ओढणाऱ्यास तर तें सर्वांआधीं कळतें, कारण त्याचें जाळें रिकामें किनाऱ्यास लागतें. परंतु कोणी अधिकारी येऊन विचारूं लागला, कीं कोणींच कांहीं पाहिलेलें नसतें. ज्या गांवाला शेजाऱ्याच्या घरांतील भांडण शब्दशः पाठ आहे, त्या गांवाला समुद्रावरचा लखलखीत दिवा दिसलेला नसतो!

हें असें कां व्हावें? भीतीमुळें, हें उत्तर सोपें आहे, आणि कांहीं प्रसंगीं तें खरेंहि असेल. पण तें पुरें नाहीं. दिवा लावणारा हा बहुधा कोणाचा तरी मामेभाऊ असतो, कोणाच्या भाचीचा सासरा असतो, कोणाच्या संकटांत धांवून आलेला असतो. येथें जी वृत्ति काम करते तिला आपल्या भाषेंत फार नेमका शब्द आहे : भीड. सारा जन्म इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत घालवूनहि या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द मला सांपडलेला नाहीं. ती निव्वळ भीति नव्हे, लाज नव्हे, सौजन्य नव्हे. या तिहींचा थोडथोडा अंश तिच्यांत आहे, आणि शिवाय जुन्या उपकारांचें ओझें आहे.

ॲरिस्टॉटलनें आपल्या ‘राजनीति’ ग्रंथाच्या सातव्या भागांत आदर्श नगराचा आकार किती असावा याची चर्चा केली आहे. न्यायनिवाडा करावयाचा आणि योग्यतेप्रमाणें अधिकार वांटावयाचे, तर नागरिकांना एकमेकांचे स्वभाव ठाऊक असले पाहिजेत. म्हणून नगर फार मोठें असूं नये, असें त्याचें म्हणणें. तरुणपणीं हा विचार मला अत्यंत पटला होता. परंतु तीस वर्षें लहान गांवांत काढल्यावर वाटूं लागलें आहे कीं, या तत्त्ववेत्त्यानें अर्धीच गोष्ट सांगितली. एकमेकांस ओळखणें ही न्यायाची पहिली अट असेल. पण तीच न्यायाची पहिली अडचणहि आहे. मोठ्या शहरांत सार्वजनिक अपराधाला चेहरा नसतो, म्हणून त्याच्याविरुद्ध बोलणें सोपें असतें. आमच्याकडे प्रत्येक अपराधाला चेहरा असतो, आणि तो चेहरा उद्यां सकाळीं बाजारांत भेटावयाचा असतो.

तरीहि भिडेची एकतर्फी निंदा करणें मला अन्यायाचें वाटतें. मे २०२१ मध्यें तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलें. माड मोडून घरांवर पडले होते, कौलें उडालीं होतीं, वीज नव्हती. त्या दिवसांत सरकारी मदतीच्या आधीं जो पोंचला तो शेजारी. ज्याच्याशीं सामाईक बांधावरून वर्षानुवर्षें अबोला होता, तोहि कोयता घेऊन आला आणि दारांतला माड तोडून वाट मोकळी करून गेला. असें जें एकमेकांस धरून राहणें, त्याची मुळें त्याच मातींत आहेत जिच्यांत भीड वाढते. भीड समूळ उपटून टाकूं म्हणणाऱ्यानें तिच्याबरोबर आणखी काय उपटलें जाईल याचाहि विचार करावा.

मग भीड कोठवर राखावी आणि कोठें सोडावी? हा प्रश्न मला ग्रंथांतून सुचला असता तर मीं तो वर्गांत मांडून सोडून दिला असता. पण तो मला माझ्या दारांतल्या विहिरीनें विचारला.

आमच्या वाडींत एक जुनी सामाईक विहीर आहे. तिच्याजवळच एका गृहस्थानें पर्यटकांसाठीं खोल्या बांधल्या, आणि दिवाळीनंतर घाईघाईनें शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून फार थोड्या अंतरावर खणला. आमच्याकडील जमीन रेताड; वरचें पाणी खालीं झिरपावयास वेळ लागत नाहीं. खड्डा खणला जात असतांना मीं तो पाहिला. वाडींतील आणखी चारपांच जणांनीं पाहिला. हें बरें नव्हे, असें आम्ही आपसांत बोललोंहि. पण तो गृहस्थ माझा विद्यार्थी. आणि माझ्या वडिलांच्या अखेरच्या दुखण्यांत, भर पावसांत, मध्यरात्रीं होडी काढून डॉक्टरला खाडीपलीकडून घेऊन आले ते त्याचे वडील. मी गप्प बसलों. इतरांचींहि अशींच कांहीं ना कांहीं कारणें होतीं.

परंतु याहून वाईट गोष्ट पुढेंच आहे. गप्प बसून आम्ही स्वस्थ राहिलों नाहीं. आम्हीं प्रत्येकानें त्या विहिरीचें पाणी पिणें हळूहळू बंद केलें, आणि नळाच्या पाण्यावर भागवूं लागलों. वाडीच्या खालच्या टोंकास मजुरीसाठीं घाटावरून आलेलें एक कुटुंब भाड्यानें राहत होतें. त्यांच्याकडे नळ नव्हता. त्या घरची बाई एकदां माझ्या पत्नीस म्हणाली, “वहिनी, तुम्ही हल्लीं विहिरीवर दिसत नाहीं.” पत्नी म्हणाली, “नळ जवळ पडतो, एवढेंच.” तें खोटें नव्हतें. आणि खरेंहि नव्हतें. माघ संपतां संपतां त्या कुटुंबांतील थोरली मुलगी काविळीनें आजारी पडली. ती बरी झाली, हें आमचें नशीब. पण मार्चमधली दहावीची परीक्षा तिला देतां आली नाहीं.

अप्रिय सत्य बोलूं नये, असें एक स्मृतिवचन आपल्याकडे प्रसिद्ध आहे, आणि आमच्यासारख्या भिडस्त माणसांस तें फार सोयीचें पडतें. पण त्याच वचनाच्या पुढच्या चरणांत प्रिय असत्यहि बोलूं नये असें बजावलें आहे, तें आपण सहसा उच्चारीत नाहीं. याहून कठोर विचार महाभारताच्या सभापर्वांत आहे. द्रौपदीनें विचारलेल्या प्रश्नावर सारी सभा मुकी झाली. त्या सभेंत परके कितीसे होते? आजे, चुलते, गुरु, भाऊ. सारी आप्तांचीच मांदियाळी. भीष्मांची अडचण धर्माच्या सूक्ष्मतेची होती असें ते सांगतात. मला मात्र तिच्यांत भिडेचाहि अंश दिसतो. त्या प्रसंगीं विदुरानें पापाची जी वांटणी सांगितली आहे ती विचार करावयास लावणारी आहे. अधर्म घडत असतां सभा गप्प राहिली तर पापाचा अर्धा भाग सभेंतील श्रेष्ठाकडे जातो, चतुर्थांश करणाऱ्याकडे, आणि उरलेला चतुर्थांश निंद्य गोष्टीची निंदा न करणाऱ्या सभासदांकडे. म्हणजे प्रत्यक्ष करणाऱ्याच्या पदरीं चारांतला एकच वांटा! रापणीच्या दोराला ज्याचा हात लागला त्याला मासळींत वांटा मिळतो, हें आमचा किनारा जाणतो. मौनाच्या दोरालाहि असाच वांटा लागतो, हें मात्र आम्ही सोयीस्करपणें विसरतों.

येथें वाचकांपैकीं कित्येकांस इब्सेनच्या ‘लोकशत्रु’ या १८८२ सालच्या नाटकाची आठवण होईल. नॉर्वेच्या किनाऱ्यावरील एक लहान शहर, स्नानगृहांवर चालणारा त्याचा व्यापार, तेथील पाणी दूषित आहे हें शोधून काढणारा डॉक्टर, आणि नगराध्यक्ष असलेला त्याचा सख्खा भाऊ. सत्यजित राय यांनीं १९८९ सालीं ‘गणशत्रु’ या चित्रपटांत हीच कथा बंगालमध्यें आणली आणि स्नानगृहांच्या जागीं देवळाचें तीर्थ ठेवलें. डॉक्टरच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. परंतु हें नाटक शिकवितांना दरवेळीं मला एक शंका येत असे. सत्य सांगतां सांगतां डॉक्टर आपल्या गांवाचा तिरस्कार करूं लागतो. बहुमत हें नेहमीं चुकतेंच, अशा टोंकास जातो. भीड सोडणें आणि माणसें सोडणें या दोन गोष्टी एकच आहेत काय? त्या तशा असतील, तर लहान गांवांत सत्य बोलणाऱ्यास गांव सोडण्यावांचून गत्यंतर नाहीं.

आपल्या प्रांतांत वृत्तपत्राचा आरंभ ज्यांनीं केला ते बाळशास्त्री जांभेकर याच किनाऱ्याचे, देवगड तालुक्यांतील पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ रोजीं त्यांनीं ‘दर्पण’ काढलें तें मुंबईत. हें स्वाभाविकच होतें. छापखाने, शाळा आणि वाचक तेथेंच होते. पण मला त्यांत आणखी एक अर्थ दिसतो. वृत्तपत्र ही अनोळखी माणसांनीं एकमेकांशीं बोलण्याची सोय आहे. जेथें सारेच ओळखीचे, तेथें गांवाची बातमी सांगण्यास निराळी रीत लागते, आणि ती आमच्या पूर्वजांना अगदींच ठाऊक नव्हती असें नाहीं. ग्रामदेवतेपुढें गाऱ्हाणें घालतात तेव्हां गांवावरचीं संकटें मोठ्यानें उच्चारलीं जातात, आणि जमलेले सारे एका सुरांत “होय महाराजा” म्हणतात. दुःख सर्वांचें आहे हें त्या होकारानें सर्वजण पत्करतात. बोलणाऱ्यास कोणी वैरी समजत नाहीं. या रीतींत उणीव एवढीच कीं, तींत संकटाचें नांव घेतलें जातें, त्याच्या कारणाचें क्वचितच. खड्डा कोणीं खणला, हें देवास ठाऊक आहे असें समजून आपण घरीं परततों.

फार विचार केल्यावर मी एका साध्या निर्णयाशीं येऊन ठेपलों आहे. भीड हा गुण आहे, पण तिचा खर्च स्वतःच्या पदरचा असला पाहिजे. शेजाऱ्याच्या माडाचा नारळ माझ्या कौलावर पडला आणि मीं तक्रार केली नाहीं, तर कौल माझें आहे. ती माझी उदारता. पण माझ्या मौनाची किंमत जेव्हां तिसराच कोणी भरतो, आणि त्याला आपण ती भरीत आहोंत हें ठाऊकहि नसतें, तेव्हां त्या मौनास भीड म्हणणें ही शुद्ध फसवणूक होय. माझ्या वडिलांवरील उपकाराची फेड मीं एका परक्या मुलीच्या वर्षानें केली. तसें करण्याचा अधिकार मला कोणीं दिला होता?

त्या मुलीची परीक्षा बुडाल्यावर मी त्या गृहस्थाच्या घरीं गेलों. चारचौघांत न बोलतां, प्रथम त्याच्याच ओटीवर बसून त्याला सारें सांगितलें. आणि खड्डा हलला नाहीं तर नगरपालिकेकडे स्वतःच्या सहीनें अर्ज करीन, हेंहि सांगितलें. मला वादाची अपेक्षा होती. तो बराच वेळ खालीं पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, खणत होतों तेव्हांच सांगितलें असतेंत, तर पलीकडच्या अंगास खणला असता.” याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. इतके दिवस आपण त्याचा मान राखीत आहोंत असें मी समजत होतों. वस्तुतः सत्य सांगण्याच्याहि योग्यतेचा हा माणूस नाहीं, असें मीं मनाशीं ठरवून टाकलें होतें. भिडेच्या पोटीं असा एक अपमान दडलेला असतो.

त्या बाईकडेहि गेलों, आणि आम्ही विहीर कां सोडली होती तें सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं.

खड्डा बुजला, दुसरा लांब खणला गेला. विहीर उपसून साफ झाली. पण त्या सालच्या चतुर्थीला तो गृहस्थ आमच्याकडे आरतीस आला नाहीं. दोन पिढ्यांत हें प्रथमच घडलें. गांवांत अर्थात् ही बातमी दुसऱ्या दिवशीं सकाळीं बंदरावर पोंचली, आणि मीं खरें बोललों म्हणून तो दुरावला असा तिचा अर्थ लावला गेला. मला तसें वाटत नाहीं. मीं उशिरां बोललों, म्हणून तो दुरावला.