ओळख

मराठीतील 'ओळखणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. समोरची वस्तू नेमकी कोणती, हे ठरविणे ही एक ओळख; समोरचा आपला आहे, हे जाणणे ही दुसरी. यांपैकी नैतिकदृष्ट्या श्रेष्ठ कोणती, हा प्रश्न आम्ही एका साध्या रानरोपट्याच्या आधारे विचारू इच्छितो.

उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर आणि तेथील महासरोवरांच्या काठी, वाळूत, मोहरीच्या कुळातील एक रोपटे उगवते. इंग्रजीत त्याला 'सी रॉकेट' म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव 'काकिले एडेंट्युला'. पाने जाड व रसाळ. फुले फिकट, चार पाकळ्यांची, क्रुसाच्या आकाराची. या आकारावरूनच संपूर्ण कुळाला 'क्रूसिफेरी' म्हणजे क्रूसधारी हे जुने नाव मिळाले. युरोपच्या किनाऱ्यांवर याचीच बहीण नांदते, 'काकिले मारिटिमा'. तिची पाने बहुधा खोल कातरलेली असतात. परंतु केवळ पानांवरून निवाडा करणारा अनेकदा फसतो. खरी खूण फळात असते. फळाचे दोन खंड असतात. युरोपीय बहिणीच्या फळाला सांध्यापाशी दोन शिंगे फुटलेली दिसतात; अमेरिकन बहिणीला ती नसतात. म्हणून जाणकार फळ धरेपर्यंत थांबतो.

हे थांबणे आम्हांस मोलाचे वाटते. माणसांच्या बाबतीत आपण इतके थांबतो का? आडनाव, पेहराव, बोलीचा हेल एवढ्यावर आपला निकाल तयार असतो. पाने पाहिली की पुरे. फळाची वाट कोण पाहणार?

आता दुसरी ओळख पाहू. फळाचा वरचा खंड तुटून लाटांवर दूर जातो. खालचा मात्र आईच्या देठाशीच राहतो. त्यामुळे अनेकदा भावंडे एकाच जागी दाटीने उगवतात. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या सुसान डडली व अमांडा फाइल यांनी 2007 साली आपला प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच कुंडीत परकी रोपे असली, तर प्रत्येक रोप मुळे अधिक वाढवी. एकाच आईची भावंडे असली, तर मुळांना आवर घाली. या निष्कर्षाच्या अर्थाविषयी पुढे शास्त्रज्ञांत वादही झाला. तरी तो विचार करावयास लावतो.

'जातीसाठी खावी माती' ही आपली म्हण येथे आठवते. रोपटे स्वकीयांसाठी माती सोडते आणि परक्याशी मातीसाठी झुंजते. मग निसर्गच आपपरभावाला संमती देतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. रोपट्यापुढे निवड नसते, आपल्यापुढे असते. स्वकीयांविषयीची माया हा दोष नव्हे. घर ही संयमाची पहिली शाळाच आहे. दोष आहे तो त्या शाळेबाहेर कधीच न पडण्यात.

स्वकीयांना ओळखण्यासाठी फारसे श्रम लागत नाहीत. वाळूतले रोपही ते करीत असावे. परक्याला त्याच्या खऱ्या खुणांवरून, घाई न करता, तो जसा आहे तसा ओळखणे याला मात्र लक्ष लागते, धीर लागतो आणि स्वतःचा अंदाज बाजूला ठेवण्याची तयारी लागते. म्हणून पहिली ओळख आम्ही श्रेष्ठ मानतो. न्यायाचा आरंभ तेथेच होतो.