डावीकडची शून्ये

उजवीकडच्या शून्यांचा धाक बँकेत लागल्यावर कळला. डावीकडची मात्र खातेक्रमांकांची रांग सरळ दिसावी एवढ्यापुरतीच, असे मी वीस वर्षे समजत होतो.

परवा अकोल्याहून अमरावतीला भाच्याकडे गेलो. स्वारी वेबसाइट बनवायला बसली होती. आधी नोड बसवले, मग एनपीएमला एक आज्ञा दिली, आणि फोल्डरात शेकडो पाहुणे उतरले!

"मागवले किती होतेस?"

"तीन, मामा. बाकीचे त्यायच्या संग आले."

म्हणजे आपल्याकडच्या लग्नासारखेच. मी कारकुनी प्रश्न टाकला, "यांना जामीन कोण?"

तेव्हा त्याने मार्च २०१६ची हकीकत सांगितली. अझर कोचुलू या गृहस्थाने नावाच्या वादातून आपला फुकट वाटलेला कोड एनपीएमवरून काढून घेतला. त्यात ११ ओळींचा 'लेफ्ट-पॅड' होता. काम काय, तर मजकुराच्या डावीकडे शून्ये किंवा मोकळ्या जागा भरणे! जगभर कामे अडली. एनपीएमने काही तासांत तो परत ठेवला आणि काढून घेण्याचे नियम कडक केले.

दिलेले दान परत घ्यावे का? घेऊ नये, असे मी म्हणणार होतो. पण आमच्या शाखेत रोज संध्याकाळी व्हाउचरे शिवणारा शिपाई आठवला. त्याचे पूर्ण नाव मी प्रथम वाचले ते त्याच्या निरोपसमारंभाच्या फळ्यावर. देणाऱ्याने सोडू नये, हे खरे. पण घेणाऱ्याने नाव तरी विचारावे की नाही?

दुसऱ्या दिवशी खातेक्रमांक लिहिताना डावीकडची शून्ये जरा ठळक काढली.