भावनेला गुण द्यावेत काय?

मुलाला गणित किती येते हे परीक्षेने कळते. पण त्याचे मन किती समंजस आहे, याची परीक्षा शिक्षकाने घ्यावी काय? बहरीनमध्ये तुबलीला राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. त्या भागातील पुष्कळ मुले इसा टाउन व आसपासच्या भारतीय शाळांत केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम शिकतात.

या मंडळाने २००९ साली सर्वंकष मूल्यमापन सुरू केले. त्यात भावनिक कौशल्यालाही श्रेणी मिळे, आणि अशा श्रेणी चांगल्या असल्या तर अभ्यासाच्या विषयांतील श्रेणीही वर चढे. २०१७ साली ही पद्धत बंद झाली. परंतु २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सुचविलेल्या प्रगतिपत्रकात मुलाच्या भावनिक वाढीची नोंद आहेच. तेव्हा प्रश्न मिटलेला नाही.

समजा, तुबलीतील एका मुलाचा सोबती, वडिलांची नोकरी संपल्यामुळे, कायमचा मायदेशी निघाला. वर्गातील इतर मुले रडली; हा रडला नाही. ‘सहानुभूती कमी’ असा शेरा मिळाला. पण आखातात वाढणाऱ्या मुलाने असे चार-पाच सोबती आधीच गमावलेले असतात. रडून कोणी परत येत नाही, हे तो शिकलेला असतो. त्या रात्री तो जेवत नाही, हे फक्त आई पाहते. आणि जो मोठ्याने रडला, त्याला सोबती हवा होता की श्रेणी, हे कोणी सांगावे? भावनेला गुण लागले की ती दाखविण्याची वस्तू होते.

म्हणून शिक्षकाने डोळे मिटावेत, असे आम्ही म्हणत नाही. मूल गप्प का झाले हे ज्याला दिसत नाही, तो शिक्षक कसला? त्याने पाहावे, मुलाशी बोलावे, घरी दोन शब्द कळवावेत. लिहायचेच तर घडलेले लिहावे: ‘नव्या मुलाला आपल्या डब्यातले दिले’, ‘भांडणानंतर आपणहून माफी मागितली’. कृतीचेही नाटक होऊ शकते, हे खरे. पण त्यात निदान दुसऱ्याच्या पोटात दोन घास जातात. कृती लिहिता येते, अंतःकरण मोजता येत नाही.

पालकांना आमची एक नम्र विनंती आहे. प्रगतिपत्रक हाती आले की ‘किती मिळाले?’ असे विचारण्याआधी ‘यंदा तुझा कोण सोबती गेला?’ एवढे विचारावे. उत्तर यायला वेळ लागला, तरी जवळ बसून राहावे.