हाताबाहेर, पण कुणाच्या?

२०१९ च्या महापुराचा इंग्रजी अहवाल मी लिहीत होतो. मदत देऊ पाहणाऱ्या परगावच्या लोकांना तो पाठवायचा होता. आत्यानं शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेलं, म्हणून कच्चा खर्डा घेऊन तिच्याकडे गेलो.

आत्या : पहिल्याच वाक्यात ‘आउट ऑफ हँड’?

मी : परिस्थिती हाताबाहेर गेलीच होती ना! राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं.

आत्या : मग ‘एक्सीडेड द डेंजर लेव्हल’ लिही. पाण्यानं रेघ ओलांडली, एवढंच त्यात येतं. ‘आउट ऑफ हँड’ जातं ते भांडण, मोर्चा, वर्गातली पोरं. आवरणारं कुणीतरी होतं आणि त्याला आवरलं नाही, असा त्याचा अर्थ. नदी कुणाच्या हातात होती?

मी : राधानगरी धरणाचे दरवाजे आपोआप उघडतात, मान्य. पण कोयनेचे माणूसच उघडतो.

आत्या : कुणावर बोट ठेवायचं असेल तर पुराव्यानिशी, उघड ठेव. वाक्प्रचाराच्या आडून नको. आणि हे खाली काय, ‘ओव्हर अवर हेड्स’?

मी : पाणी डोक्यावरून गेलं.

आत्या : इंग्रजी वाचणाऱ्याला वाटेल, तुम्हाला काही कळलंच नाही.

ते मी मुकाट्यानं खोडलं. पण पहिलं वाक्य सोडवेना.

मी : आत्या, ‘पातळी ओलांडली’ वाचून कुणाच्या पोटात कालवेल? शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता. माणसं दिवसच्या दिवस माळ्यावर बसून होती. शब्द मोजून वापरला तर मदत अडेल, अशी भीती वाटते.

आत्या : भीती खरी आहे. पण रात्रंदिवस नावा चालवणाऱ्यांनी ‘सगळं हाताबाहेर गेलं’ हे वाचलं, तर त्यांच्या हातांचं काय? माळ्यावरच्या माणसांचं लिही ना. ते वाचून कालवेल.

मी : आणि ब्रह्मनाळ? ८ ऑगस्टला तिथं नाव उलटली, माणसं गेली. नावेत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते. तिथं मी ‘ओव्हरलोडेड’ लिहिलंय. शब्द चोख आहे.

आत्या बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली.

आत्या : चोख आहे. तरी वाचताना वाटतं, चढणाऱ्यांचीच चूक. पाणी चढत असताना काठावर कुणाला ठेवायचं होतं त्यांनी?

मी : मग खोडू?

आत्या : नको, खोटं होईल. नावेत किती मावत होते, किती बसले, ते लिही. आणि काठावर किती उरले होते, तेही लिही.

मी : ते माझ्याकडे नाही.

आत्या : मग आधी जाऊन विचारून ये.