पालखीच्या वाटेवरचे पाणी

सज्जनहो, आषाढी जवळ आली की पडशी भरली जाते, टाळांच्या दोऱ्या बदलल्या जातात आणि चित्त पंढरीकडे धावू लागते. अशा वेळी नामाचा महिमा सांगायचा सोडून हा बुवा जुलाबाची गोष्ट काय काढतो, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. ज्या देहाने चालत जायचे, त्याच्याविषयी चार शब्द निघण्यापूर्वीच बोललेले बरे.

आपल्या आज्या-पणज्यांना पटकी चांगली ठाऊक होती. गावात ती शिरली की मरीआईचा गाडा वाजतगाजत वेशीबाहेर नेऊन सोडीत. आपल्या दारची पीडा पुढच्याच्या दारी! त्या भोळ्या माणसांना मी दोष देत नाही. रोग पाण्यातून येतो हे त्यांना सांगणार कोण? लंडनच्या जॉन स्नो यांनी १८५४ साली एका पंपाच्या पाण्यावरून ते ताडले, रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यास त्या जंतूची ओळख पक्की केली. पण आपल्याला तर सारे ठाऊक आहे ना? तरी आपण ओढ्याकाठी बसतोच. वरच्या अंगाला बसलेल्याची घाण खालच्या अंगाला चूळ भरणाऱ्याच्या तोंडात जाते. हा मरीआईचा गाडाच नव्हे काय? गाडगेबाबा आधी खराटा हाती घेत आणि मग कीर्तनाला उभे राहत, ते उगीच नव्हे.

आणखी एक गोष्ट बायाबापड्यांची. आडोसा मिळत नाही म्हणून कितीक माउल्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. हे पाप त्यांचे नव्हे, दिंडी चालवणाऱ्या आम्हा पुरुषांचे आहे. मुक्कामाला आधी फिरते शौचालय कोठे ते पाहावे, मग राहुटी ठोकावी.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी ऐन एकादशीला आमच्या दिंडीतल्या एका म्हाताऱ्या माउलीला पहाटेपासून जुलाब होत होते. लाजेने ती बोलली नाही. दुपारी मला कळले, तेव्हा मीच म्हणालो, "आज्ये, आजचा दिवस पोट रिकामेच राहू दे, उद्या द्वादशीला बघू." केवढे अज्ञान! तिचे डोळे खोल गेले होते, जीभ कोरडी पडली होती, सकाळपासून लघवी झाली नव्हती. तेवढ्यात एक परिचारिका आली. तिने म्हातारीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी तशीच राहिली. ती मला म्हणाली, "महाराज, हिला उपास नको, पाणी हवे."

तिने सांगितलेले मी पाठ केले आहे. पटकीत आतडे मीठ आणि पाणी बाहेर ओतीत राहते. नुसते पाणी पाजून भागत नाही. पण साखर मिठाचे बोट धरून त्याला आत नेते आणि पाणी मागोमाग जाते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली, शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. जिथे शंभरातले तीस दगावत होते, तिथे चारांहूनही कमी दगावू लागले.

दवाखान्याची पुडी मिळाली तर उत्तम. नाहीतर उकळून निववलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त घालू नये, ते बाधते. दर जुलाबामागे घोट घोट पाजावे. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याने द्यावे. रोगी ग्लानीत असेल, लघवी बंद असेल, तर पाजत पाजतच दवाखाना गाठावा.

म्हातारी मात्र पेल्याकडे बघेना. "एकादशीला मीठ?" म्हणाली. मी पडशीतले सैंधव काढून परिचारिकेला दाखवले. तीही हसली, म्हणाली, चालेल, बारीक कुटा. मग मी स्वतः पेला धरला. पहिला घोट घेऊन म्हातारीने तोंड वाकडे केले. दुसऱ्या पेल्याला म्हणाली, "बुवा, हेच सकाळी का नाही दिलंत?"