आईच्या आजारासाठी शेत विकावे का?



आई-वडिलांना मान देण्याची चौथी आज्ञा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली. लहानपणी तिचा अर्थ सोपा होता. सांगितलेले ऐकायचे, उलट बोलायचे नाही. पण पंच्याहत्तरीची आई स्वतःच्या मुलाला 'तुम्ही कोण?' असे विचारते, मध्यरात्री कडी काढून रस्त्याला लागते, आणि मुलाच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी असते, तेव्हा ही आज्ञा नेमके काय मागते? दोन-तीन एकर कोरडवाहू शेतीवर घर चालवणाऱ्या माणसाला हा प्रश्न फार लवकर गाठतो. सोयाबीनला भाव नसला की औषधाचे पैसे उसने आणावे लागतात, आणि पुढचा विचार सावकाराचा किंवा शेत विकण्याचा असतो.

आधी आजाराचे नाव घेऊ या. आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणून विषय संपवतात, नाहीतर बाहेरची बाधा समजून कोणाकडे तरी घेऊन जातात. हा मेंदूचा आजार आहे. त्याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात, आणि अल्झायमर हा त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढच्या दर शंभरांत सुमारे सात जणांना तो आहे, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसांना. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. म्हणून कोणत्याही घराने लाज बाळगण्याचे कारण नाही.

मान देण्याची पहिली पायरी म्हणजे नीट तपासणी. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार, नैराश्य, पडल्यामुळे डोक्यात साकळलेले रक्त, चुकीची औषधे यांमुळेही माणूस विसरभोळा होतो, आणि यांवर उपचार आहेत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी जिल्हा रुग्णालयात करता येते. अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात जाण्याआधी ही पायरी चढावी.

आता औषधांचे. सत्य हे आहे की अल्झायमर बरा करणारी गोळी आज जगात कोठेही नाही. डोनेपेझिल आणि मेमँटिन ही नेहमी दिली जाणारी औषधे काही रुग्णांना काही काळ थोडा आधार देतात. डोनेपेझिल अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असल्याने त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. डॉक्टरांना कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून देण्याची विनंती करावी आणि ती चिठ्ठी जनऔषधी केंद्रात दाखवावी. तेथील औषधे बाजारभावापेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त असतात. काही महिन्यांनी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : या गोळीचा उपयोग दिसतो आहे का? आजी शांत राहावी म्हणून झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या मनाने कधीही देऊ नयेत. त्यांतल्या काहींमुळे अशा वृद्धांना पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो.

यापुढे खरा नैतिक प्रश्न सुरू होतो. २०२३ मध्ये अमेरिकेत लेकॅनेमॅब नावाच्या इंजेक्शनाला मान्यता मिळाली, तेव्हा त्याची वर्षाची किंमत २६,५०० डॉलर होती. तेही फक्त आजाराच्या सुरुवातीच्या काळात देतात. आजार थांबत नाही, त्याचा वेग काहीसा कमी होतो. असे काही ऐकले की मुलाच्या मनाला टोचणी लागते : माझ्याजवळ पैसा असता तर आई वाचली असती. शेत विकले नाही म्हणजे मी आईवर प्रेम केले नाही का?

ख्रिस्तसभेचे उत्तर येथे फार दिलासा देणारे आहे. ५ मे १९८० रोजी रोमच्या श्रद्धा-सिद्धांत विभागाने काढलेल्या घोषणापत्रात, मिळणाऱ्या फळाच्या मानाने फार जड असलेले उपचार नाकारता येतात, असे सांगितले आहे. कुटुंबावर अवाजवी खर्च लादू नये ही इच्छाही त्यात योग्य मानली आहे. सोडता येत नाही ती रोजची सेवा : अन्न, पाणी, स्वच्छता, वेदनेवर उपाय, सोबत. म्हणून नातवंडांची भाकर ज्यावर अवलंबून आहे ते शेत अशा आशेपायी विकणे चौथी आज्ञा मागत नाही. प्रेमाचा भाव गोळ्यांच्या पाकिटावर छापलेला नसतो.

उलट दिशेनेही एक इशारा द्यायला हवा. शेत आईच्याच नावावर असेल आणि तिला कागदातले काही कळत नसेल, तर तिचा हात धरून अंगठा उमटवून घेणे हे पाप आहे, आणि असा करार कायद्यापुढेही टिकणारा नाही.

मात्र शेत वाचले म्हणजे हिशेब संपला असे नाही. या आजाराचा सर्वांत मोठा खर्च चिठ्ठीवर लिहिलेलाच नसतो. तो एका बाईच्या अंगावर असतो. सून किंवा मुलगी रात्र-रात्र जागते, ओले कपडे बदलते, तोच प्रश्न वीस वेळा ऐकते, मजुरीला जाऊ शकत नाही. तिच्या खाड्याचे पैसे कोणी मोजत नाही. पुण्या-मुंबईचा भाऊ फोनवर 'आईची काळजी घ्या' म्हणतो आणि आपले कर्तव्य झाले असे समजतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने ही जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवरही टाकली आहे. आज्ञाही थोरल्या मुलापुरती किंवा धाकट्या सुनेपुरती दिलेली नाही. ज्याला वेळ देता येत नाही त्याने पैसे द्यावेत, आणि वर्षातून पंधरा दिवस तरी येऊन त्या बाईला मोकळे करावे.

मार्कच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायात प्रभू येशू परूश्यांना सुनावतो. आई-वडिलांना द्यायचे ते 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिले असे म्हणून हात झटकणाऱ्यांबद्दल तो बोलतो. आजारी आईच्या गोळ्यांचे पैसे बाजूला ठेवून नवसाला किंवा सणाच्या थाटाला वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाने तो अध्याय वाचावा. आणि आजाऱ्याला एकटे सोडता येत नाही म्हणून जी बहीण रविवारी मिस्साला येऊ शकत नाही, तिने अपराधी वाटून घेऊ नये. गंभीर कारण असेल तर ख्रिस्तसभा तिला सूट देते.

कोणी विचारील, आईला माझी ओळखच उरली नाही तर ही सेवा कोणासाठी? बेन सिराकच्या ग्रंथातील तिसरा अध्याय जणू याच घरासाठी लिहिला आहे. वडिलांची बुद्धी मंदावली तरी मुलाने त्यांना समजून घ्यावे, आपण धडधाकट आहोत म्हणून त्यांना तुच्छ लेखू नये, असे तो सांगतो. मान हा आठवणीच्या बदल्यात दिलेला मोबदला नव्हे. आपण तान्हे होतो तेव्हा आपल्यालाही आईचे नाव ठाऊक नव्हते. तिला आपले ठाऊक होते, आणि तेवढे पुरले.

आपल्या धर्मग्रामाने यात काय करावे? आठवड्यातून दोन तास अशा एका घरी जाऊन बसावे, म्हणजे ती सून बाजार करील किंवा नुसती झोपेल. जनऔषधी केंद्रात जाणाऱ्याने शेजारच्या आजीच्या गोळ्याही आणाव्यात. शिकलेल्या तरुणांनी कागदपत्रे करून द्यावीत : ६५ वर्षांवरील गरजूंना श्रावणबाळ योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात, त्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा. सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. मात्र ते दवाखान्यात दाखल झाल्यावरच, रोजच्या गोळ्यांसाठी नाही. मनाचा भार असह्य झाला तर १४४१६ आणि ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हे सरकारी फोन क्रमांक आहेत.

येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर आपल्या ओळीतले कोण बरेच दिवस दिसले नाही ते आठवून पाहू या. घरी जाताना त्यांच्या दारावरून जाऊ या.