दुसरा रकाना

एका नगरपालिकेत रस्त्याचे खड्डे बुजवणारी एक टोळी होती. पाच मजूर आणि एक मुकादम. रोज संध्याकाळी मुकादम बांधकाम विभागात जाऊन वहीत आकडा लिहायचा. आज खड्डे बुजवले तीस. आकडा मोठा असला की साहेब खूश व्हायचे.

एका उन्हाळ्यात टोळीला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथल्या माणसाने चांगलं शिकवलं. खड्डा आधी चौकोनी कापायचा, कडा उभ्या ठेवायच्या. आतली सुटी खडी, माती, पाणी काढून तळ कोरडा करायचा. तळाला आणि कडांना डांबराच्या इमल्शनचा पातळ हात द्यायचा. मग माल थराथराने भरायचा आणि गरम आहे तोवरच दाबायचा. गार झालेल्या मालावर रोलर कितीही फिरवा, तो बसत नाही. सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली, जेवणही बरं होतं.

परत आल्यावर टोळीने दोन दिवस तसंच काम केलं. दिवसाला सात-आठ खड्डे झाले. साहेबांनी विचारलं, “मुकादम, हात आखडला का?”

तिसऱ्या दिवशी पुन्हा तीस झाले. खड्ड्यात पाणी असलं तरी वर माल टाकायचा, फावड्याच्या पाठीने थोपटायचं आणि पुढे सरकायचं.

पुढे साहेबांची बदली झाली आणि एक तरुण अभियंता बाई आल्या. त्यांनी भाषण दिलं नाही. वहीत फक्त एक रकाना वाढवला : ‘पुन्हा उघडलेले’. प्रत्येक खड्ड्याची जागा आणि तारीखही लिहायला सांगितली. आकडा कमी आला म्हणून त्या कुणाला बोलल्या नाहीत.

पहिल्या पावसात तो रकाना भरभर वाढला. मुकादमाला लिहिताना लाज वाटू लागली. कुणी न सांगताच टोळी पुन्हा कडा कापू लागली, तळ कोरडा करू लागली. रकान्याची वाढ मंदावली.

एक जागा मात्र हटेना. शाळेच्या वळणावरचा खड्डा नीट कापून, दाबून भरला तरी वहीत चौथ्यांदा आला.

“बाईसाहेब, इथे आमचं काम चुकत नाहीये,” मुकादम म्हणाला. “पाऊस चालू असताना एकदा चला.”

दोघं भर पावसात वळणावर उभे राहिले. डांबरी रस्त्याला मधून कडेकडे मीटरमागे दोन-अडीच सेंटीमीटर उतार लागतो, तो तिथे होता. पण माती आणि गवत साचून साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली होती. शेजारची मोरी पिशव्यांनी तुंबली होती. कडेला आलेलं पाणी तिथेच थांबून डांबराखाली मुरत होतं. वरून गाड्यांची चाकं ये-जा करत होती.

“हे तुम्हाला ठाऊक होतं?” बाईंनी विचारलं.

“होतं की. पण मोरी उपसली तर ती वहीत कुठे लिहायची?”

बाईंनी तिसरा रकाना आखला. टोळीने साइडपट्टी खाली छाटली, मोरी मोकळी केली आणि उघडीप मिळताच खड्डा पुन्हा भरला. त्या पावसाळ्यात तो परत उघडला नाही.

प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं खरंच होतं आणि मजूरही कामचुकार नव्हते. पण माणसं वर्गात काय ऐकलं यापेक्षा संध्याकाळी काय मोजलं जातं, त्यावरून काम शिकतात. वही जुनीच राहिली असती, तर आणखी दहा प्रशिक्षणं झाली असती आणि प्रमाणपत्रं तेवढी वाढली असती. शिवाय मुकादमाला पाण्याची वाट माहीत होती, ती त्याला आजवर कुणी विचारलीच नव्हती.

पुढच्या वर्षीच्या मागणीपत्रात मुकादमाने खडी-डांबराचा आकडा कमी केला आणि मोऱ्या उपसायला दोन माणसं जास्त मागितली. ती मे महिन्यातच हवीत, असंही खाली लिहिलं.